तुम्ही विसरणाऱ्यातले नाही

९ फेब्रुवारी

दादा,

"त्या पदवीनं तुला दिलं जास्त, की तुझ्याकडून घेतलं जास्त?" हा तुझा शेवटचा प्रश्न, आणि त्यावर तू फोन ठेवलास. उत्तर मला येत नाही. हे पहिल्याच ओळीत कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं पत्र तू उत्तर शोधत वाचणार नाहीस.

सुरुवातीला 'सा. न. वि. वि.' लिहिलं होतं. खोडलं. आपल्यात कधी कुणी कुणाला विनंती केली नाही, विशेष तर मुळीच नाही. कम्युनिकेशनची पदवी घेतलेल्या मुलीला सख्ख्या भावाशी बोलायला पाकीट आणि तिकीट लागतंय. हस, हवं तर. माझा नंबर तू बंद केलास. आईच्या फोनवरून केला, तर माझा 'हॅलो' ऐकून कट केलास. पाकीट कट करता येत नाही. तू नाही फोडलंस तर वहिनी फोडेल.

तुला राग कशाचा आलाय तेच मला कळत नाही. वहिनी आईला म्हणाली, "वन्संनी ह्यांना मेसेज पाठवला. त्यात ह्यांना 'तुम्ही' म्हटलंय. तेव्हापासून घरात कुणाशी धड बोलत नाहीत." मी तुला कसलाही मेसेज पाठवलेला नाही. आणि 'तुम्ही'? तुला? तुझ्या लग्नात, अख्ख्या हॉलसमोर, मी 'ए दादा' म्हणून ओरडले होते आणि मामानं मला कोपऱ्यात नेऊन झापलं होतं. जन्मात तुला 'तुम्ही' म्हटलं नाही, म्हणणारही नाही. तू लिफ्टचा मिस्त्री सोडून लिफ्टचा मालक झालास तरी नाही.

हिशेब हवा असेल तर देते. कर्जावर जामीनदार म्हणून तुझी सही आहे, तेव्हा विचारायचा हक्क तुला आहेच. सही करताना तू विचारलं होतंस, "कम्युनिकेशन म्हणजे टेलिफोनचं ना?" मी म्हटलं, नाही, लोकांना गोष्टी कशा सांगायच्या त्याचं. तू म्हणालास, "ते तर तू फुकटात करतेस, रेडिओ." आणि केलीस सही. तेव्हा तू खुशीत होतास. आपल्या घरातलं पहिलं कुणीतरी कॉलेजात चाललं होतं.

नंतरचं तुला माहीत आहे. पहिली नोकरी त्या साप्ताहिकात. पगार उशिरा, कधी निम्मा, शेवटी साप्ताहिकच बंद. त्या काळातले हप्ते राहिले ते राहिलेच. पण या नोकरीला आठ महिने झाले, आणि आठ महिन्यांत एकही हप्ता चुकलेला नाही. पगाराचे दहा भाग केले तर चार बँकेचे, तीन घरभाड्याचे, उरलेल्या तिनात मी आणि आई. आई शिलाईचं घेतेच अजून. मागची थकबाकी तेवढी आहे, तीही उतरवीन.

आत्याच्या मुलाचं उदाहरण देऊ नकोस. तो बारावीनंतर फ्लॅट विकायला लागला आणि माझ्या दुप्पट कमावतो, हे आत्या मला दर भेटीत सांगते. कमावू दे. तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांना नको ते घ्यायला लावतो. मी तसं करत नाही. मी ग्राहकांशी संवाद साधते, विभागाचं नावच 'ग्राहक संवाद' आहे. नेमकं काय लिहिते ते सांगत बसले तर तुला जांभया येतील, म्हणून राहू दे.

राग कशाचा ते कळव. तू नाही तर वहिनीकडून.

रेडिओ


१६ फेब्रुवारी

दादा,

कळलं.

काल संध्याकाळी वहिनीचा फोन आला. तू आंघोळीला गेला होतास आणि तुझा फोन टेबलावर होता. (तिला रागावू नकोस. नवऱ्याचा फोन तिनं पहिल्यांदा उघडलाय असं ती म्हणते, आणि मी तोंडदेखला विश्वास ठेवलाय.) आई पँटची किनार टाकत बसली होती. फोन स्पीकरवर. वहिनीनं मेसेज वाचला:

"नमस्कार. तुम्ही विसरणाऱ्यातले नाही, म्हणून तर काळजी वाटली. सगळं ठीक आहे ना?"

आईनं सुई थांबवली. "अगं, हे तर माझं!" म्हणाली आणि चक्क हसली. "माझं वाक्य आहे हे. तुझ्या नवऱ्याला कुणी पाठवलं?"

"वन्संनीच ना!" वहिनी म्हणाली. "ह्यांनी लगेच ओळखलं. म्हणाले, ही आईची वसुली आहे, आणि ती आता माझ्या दारात आली."

मग आई हसायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

दादा, ते वाक्य तुला जसं पाठ आहे तसं मलाही आहे. शिवलेल्या कपड्यांची पिशवी तुझ्या खांद्यावर, मी आईच्या पदराला. उधारी थकवलेल्यांच्या दारात आई उभी राहायची, तोंडभर हसायची आणि हे म्हणायची. 'तुम्ही विसरणाऱ्यातले नाही.' बाई आत जाऊन पैसे घेऊन यायची, तोपर्यंत तू फरशीकडे बघत माझा हात इतका आवळायचास की माझी बोटं पांढरी पडायची. मला ते वाक्य आवडायचं. मला ती जादू वाटायची. तुला त्यात काय वाटायचं हे मला काल पहिल्यांदा कळलं, वहिनीच्या आवाजात ते ऐकताना.

तर आता जांभया देऊ नकोस, मी काय लिहिते ते सांगते. बँका आपली थकलेली कर्जं आमच्या कंपनीकडे वसुलीला देतात. वसुलीचे मेसेज मी लिहिते. मी आले तेव्हा मेसेज असे होते: 'अन्यथा आपणाविरुद्ध कठोर कारवाई करण्यात येईल याची गंभीर नोंद घ्यावी.' हे एखाद्या माणसाला मुलांना जेवू घालताना वाचावं लागतं. मी साहेबांना म्हटलं, हे माणसासारखं लिहिता येईल. ते म्हणाले, लिहून दाखव. मी आईचं वाक्य लिहिलं. त्याखाली कंपनीचं नाव, कर्ज कुठलं ते, हप्ता कमी करून मागायचा असेल तर कुणाला फोन करायचा ते. सगळं एका मेसेजात, स्वच्छ. वसुली इतकी वाढली की साहेबांनी मला उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मला अभिमान वाटला. अजूनही त्या मेसेजाची मला लाज वाटत नाही, मी लिहिला होता त्या मेसेजाची.

माझ्याच कर्जाची मागची थकबाकी आमच्याच कंपनीकडे आलीय, हे मला माहीत नव्हतं. यादी यंत्राच्या पोटात असते. ते जामीनदाराचा नंबर बघतं आणि पाठवतं. त्याला बहीणभाऊ कळत नाहीत, आणि म्हणून ते सगळ्यांना 'तुम्ही' म्हणतं.

पण एक गोष्ट मला झोंबतेय. मी वहिनीला विचारलं, "खाली काय लिहिलंय?" ती म्हणाली, "खाली काही नाही." "कंपनीचं नाव?" "नाही हो." मी दोनदा बघायला लावलं. नाव नाही, कर्ज नाही, फोन कुणाला करायचा ते नाही. नुसतं आईचं वाक्य, आणि एक अनोळखी नंबर. मी लिहिलेलं निम्मं कुणीतरी कापलं होतं.

तुझ्या जागी मी असते तरी हेच समजले असते की बहिणीनं नवा नंबर घेऊन टोमणा मारलाय, जामीनदार आहेस, आता माझी थकबाकी भर म्हणून.

आणि मग वहिनीनं शेवटचं सांगितलं. मेसेज आला त्याच्या दुसऱ्या दिवशी तू बँकेत जाऊन माझी सगळी थकबाकी भरलीस. त्या इमारतीच्या लिफ्टचं कंत्राट स्वतःच्या नावावर घ्यायला जी अनामत साठवली होतीस, त्यातून. सात वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली मोटर रूममध्ये घाम गाळून. आणि वहिनीला म्हणालास, "आता तिला सांग, काळजी वाटून घेऊ नको म्हणावं."

दादा, मला रडू आलं नाही. मला संताप आला. तुझा नाही, म्हणजे थोडा तुझाही. एक फोन करून शिव्या दिल्या असत्यास तर पाच मिनिटांत उलगडलं असतं. उद्या साहेबांना विचारते.

रेडिओ


२४ फेब्रुवारी

दादा,

वहिनी म्हणाली तू मागचं पत्र कामावर घेऊन गेलास. बरं केलंस. हेही ने.

साहेब आठवडाभर बाहेरगावी होते, काल विचारलं. जसंच्या तसं सांगते.

मी म्हटलं, "मेसेजातलं कंपनीचं नाव कुठे गेलं?"

"काढलं. नाव दिसलं की लोक उघडत नाहीत. नाव नसलं की वाटतं, कुणीतरी ओळखीचं आहे."

"पण आपण ओळखीचे नाही."

"म्हणून तर फोन करतात, कोण बोलतंय म्हणून. एकदा फोन केला की आपला."

"माझ्या भावाला वाटलं, मीच पाठवलाय."

साहेब खुर्चीत मागे रेलून हसले. खरंच हसले, वाईट माणसासारखं नाही, खूश झालेल्या माणसासारखं. "बघ! म्हणजे किती जिवंत लिहिलंयस तू." मग पुढे झुकले. "घरात अशी आणखी वाक्यं असतील ना? आजीची, आत्याची? घेऊन ये. तुला विभागप्रमुख करतो. पगार दीडपट. आणि अडचण असेल तर दोन महिन्यांचा आगाऊ, या शुक्रवारी. विचार कर."

दोन महिन्यांचा आगाऊ म्हणजे जवळजवळ तुझी अनामत. मी मनातल्या मनात हिशेब केला, आणि तो इतक्या पटकन जमला याचाच मला राग आला.

शेजारच्या टेबलावर एक बाई बसतात, त्यांना आम्ही सगळे ताई म्हणतो. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "घे गं. तत्त्वं काय, हप्ते फिटल्यावरही पाळता येतात." त्या चेष्टा करत नव्हत्या. त्यांचे घराचे हप्ते आहेत.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, घे, दादाचं काम होऊ दे. ती आधी वेगळ्याच गोष्टीवरून चिडली.

"मला विचारलं का नाहीस?"

"वाक्याला काय विचारायचं, आई?"

"शिवणयंत्र घेऊन गेली असतीस तर विचारलं असतंस ना?"

ती टेबलावरचे धागे गोळा करत राहिली. मग म्हणाली, "मी दारात उभी राहून म्हणायचे. समोरच्याला माझं तोंड दिसायचं. नसतीलच पैसे तर तो तसं सांगायचा, आणि मी 'बरं' म्हणून परत यायचे. तुझ्या त्या मशीनला कुणी 'नाहीत' म्हटलं तर ते परत जातं का?"

"नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा पाठवतं."

"मग ते माझं नाही," ती म्हणाली आणि दिवा लावायला उठली.

आता तुझा प्रश्न. त्या पदवीनं काय दिलं. एक सांगते, ते ऐक. पहिल्या वर्षी आम्हाला लेखन शिकवायला एक बाई होत्या. माझ्या पहिल्या निबंधाच्या समासात त्यांनी लाल शाईत एकच गोष्ट लिहिली होती: 'कोण बोलतंय?' मी चिडून विचारायला गेले. त्या म्हणाल्या, "वाचणाऱ्याला हे पहिल्यांदा कळलं पाहिजे. नाही कळलं, तर पुढचं सगळं फसवणूक." तीन वर्षांत हेच मला वेगवेगळ्या नावांनी शिकवलं. जाहिरातीत, बातमीत, साध्या सूचनेत. हे मला घरानं नाही शिकवलं, दादा. घरानं वाक्य दिलं. ते वाक्य कुणाच्या तोंडून काढून कुणाच्या तोंडात घातलंय हे ओळखायला मला ती पदवी लागली. साहेबांच्या खोलीत उभी असताना मला नक्की कळत होतं की काय चुकतंय आणि का, शब्दागणिक. हे फुकटात होत नाही. त्याचेच पैसे मी फेडतेय.

पण खरं सांगू का, तुझी अनामत डोळ्यांसमोरून हलत नाही. मी 'नाही' म्हटलं तर किंमत मी एकटी मोजणार नाही, तूही मोजशील. तू म्हणशील, माझ्या नावावर पुण्य कमावू नकोस. म्हण. वहिनीनं सांगितलंय की इमारतीवाले मार्चअखेरपर्यंत थांबतील, त्यापुढे नाही. शुक्रवार आधी येतोय.

रेडिओ


२० मार्च

दादा,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण करत होते. करून झाल्याशिवाय तुला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. आधी सांगितलं असतं तर तू वहिनीकडून निरोप पाठवून मोडता घातला असतास.

त्या शुक्रवारी साहेबांना म्हटलं, "मी मेसेजात नाव परत घालतेय. सगळ्यात वर." ते म्हणाले, "घातलंस तर सोमवारी यायचं कारण नाही." मी टेबलाशी गेले आणि घातलं: 'नमस्कार. मी वसुली कंपनीकडून लिहीत आहे.' त्याखाली कंपनीचं नाव, कर्ज, हप्ता कमी करून घ्यायचा रस्ता. आईचं वाक्य काढून टाकलं. यंत्रातला मेसेज साहेबांसारखा मलाही बदलता यायचा, एकदा घातल्यावर मी तो पुन्हा उघडलाच नव्हता एवढंच. साहेबही एकदा बदलल्यावर तो पुन्हा बघत नाहीत, फक्त संध्याकाळचा आकडा वाचतात. आकडा वाचला तेव्हा मला बोलावलं. ओळखपत्र मी आधीच गळ्यातून काढून ठेवलं होतं. त्यांनी सोमवारी मेसेज परत बदलला असणार, हे मला माहीत आहे. पण त्या शुक्रवारी ज्यांना मेसेज गेला, त्यांना कळलं कोण बोलतंय. ताई दारापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, "वेडी आहेस." मग माझ्या पिशवीचा बंद नीट केला.

आगाऊ पगार घेतला नाही. म्हणजे तुझी अनामत तिथून आली नाही.

ती इथून आली: माझा कॅमेरा. कॉलेजात असताना घेतलेला, तू ज्याला 'तुझं दुसरं कर्ज' म्हणायचास. चांगल्या माणसाला विकला. तो लग्नाचे फोटो काढतो आणि लेन्स पुसताना श्वास रोखून धरतो. अर्धी रक्कम ती. उरलेली आईची. तिच्या उधाऱ्या लोकांकडे पडून होत्या, मी लहान असल्यापासून ती वहीबिही ठेवत नाही, सगळं डोक्यात. दोन आठवडे रोज दुपारी चप्पल घालून निघायची. मी म्हटलं, मी येते बरोबर. म्हणाली, "तू नको. तू तोंड पाडून उभी राहतेस. त्यापेक्षा तुझा दादा बरा होता, निदान खाली तरी बघायचा." काल वहिनीच्या खात्यात दोन्ही मिळून भरले. आईनं निरोप दिलाय: "हे उसने नाहीत, आणि परत पाठवलेस तर मी तिथे येऊन राहीन." ती धमकी आहे असं वहिनीनं मानू नये.

नोकरी लागली. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात, लोकांसाठीच्या सूचना लिहायला. पगार आधीच्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं कमी. खोलीत पंखा आहे, तो फिरतो तेव्हा कागद उडतात, म्हणून सगळ्यांच्या टेबलावर नळाच्या जुन्या तोट्या ठेवलेल्या असतात. पहिल्याच दिवशी माझ्यापुढे सूचना आली: 'अपरिहार्य कारणास्तव पाणीपुरवठा खंडित राहील.' मी लिहिलं: 'बाजाराजवळचा मोठा पाइप फुटला आहे. दुरुस्ती सुरू आहे. गुरुवारी सकाळपर्यंत पाणी येणार नाही, बुधवारी टँकर येईल.' खाली अभियंत्याचं नाव आणि फोन.

हेडक्लार्क घाबरले. "अहो, एवढं खरं लिहिलं तर लोक फोन करतील!"

"करू देत."

"मला करतील!"

"तुमचा नंबर नाही लिहिला, साहेब."

तेव्हा कुठे त्यांनी शिक्का मारला. अभियंत्याला दिवसभर फोन आले. संध्याकाळी तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता ओरडणार. म्हणाला, "एक म्हातारी विचारत होती, टँकर गल्लीत शिरेल का. मला सुचलंच नव्हतं. लहान टँकर सांगितलाय." आणि गेला. दादा, एका म्हातारीच्या बादलीची किंमत पगाराच्या कुठल्या भागात धरतात मला माहीत नाही. मी धरली.

आता बँक. तू रागानं माझी सगळी थकबाकी भरलीस, आणि त्यामुळे एक गोष्ट करता आली जी एरवी करता आली नसती. खात्यावर मागचं काही बाकी नसेल आणि चालू हप्ते वेळेवर असतील, तर कर्ज नव्यानं बांधून मागता येतं, आणि जामीनदार काढायचा अर्जही देता येतो. मी दोन्ही दिले. हप्ता लहान झाला, वर्षं वाढली. बरीच वाढली. तिथल्या बाईंनी कागद माझ्याकडे फिरवला.

"व्याज किती जास्त जाईल, बघितलंत का?"

"बघितलं."

"आणि जामीनदार कशाला काढताय? राहू द्या की. भावानं सांगितलंय का?"

"भाऊ माझ्याशी बोलत नाही."

"मग?"

"म्हणूनच," मी म्हटलं.

त्यांना कळलं नाही. तुला कळेल. तुझ्या डोक्यावर माझं कर्ज असेपर्यंत तू मला जे विचारशील ते वसुलीसारखं ऐकू येईल, आणि मी जे सांगेन ते सबबीसारखं. मला तसं बोलायचं नाही. आणि ती पदवी घेतल्याबद्दल मी तुझी माफीही मागणार नाही. पुन्हा अठरा वर्षांची झाले तर पुन्हा तीच घेईन. फक्त सही दुसऱ्या कुणाची मागेन.

काल दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मी सह्या करून आले. जामीनदार म्हणून तुझं नाव निघालं. कर्ज आता माझं एकटीचं आहे. भाऊ म्हणून राहायचं की नाही, ते तुझं तू ठरव. मी माझं ठरवून आले.

रेडिओ